परंडा परिसरांतील आपत्ति, लोकांचें साहाय्य व सरकारचें धोरण

परंडा हें गांव समुद्रापासून सुमारें अडीचशें किलोमीटर आंत आहे. वसई, उत्तन व अलिबाग येथील आपल्या धर्मबंधूंस तुफान म्हणजे काय हें कोणी सांगावें लागत नाहीं. ३ जून २०२० रोजीं श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळानें रायगड जिल्ह्यांतील नारळीपोफळीच्या बागा कशा आडव्या केल्या, याची हकीकत त्यांच्याकडे अजून घरोघर निघते. बालाघाटाच्या पश्चिमेस सीनेच्या खोऱ्यांत राहणाऱ्या आम्हां लोकांचा मात्र असा समज आहे कीं, तुफान हें किनाऱ्यावरच्यांचें दुःख, आणि अवर्षण हें आमचें. हा समज अर्धाच खरा आहे. बंगालच्या उपसागरांत उठणारीं वादळें व कमी दाबाचे पट्टे जमिनीवर चढले म्हणजे पश्चिमेकडे सरकूं लागतात. वाटेंत वाऱ्याचा जोर मरतो, परंतु ढगांतील पाणी मरत नाहीं. भाद्रपद-आश्विनांत पावसाळा परत फिरण्याच्या सुमारास असें एखादें वादळ दख्खनवर आलें, तर वर्षभर ज्या नदींत वाळूच दिसावी ती नदी एका रात्रींत गांवांत शिरते.

आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवळाच्या पायाभरणीचा, आजवरच्या धर्मगुरूंचा व शाळेचा वृत्तांत इतर लेखकांनीं दिलेला आहेच. तो पुनः सांगण्याचें प्रयोजन नाहीं. प्रस्तुत लेखकास असें वाटतें कीं, एखाद्या प्रदेशाचा खरा इतिहास त्याच्या सुखाच्या वर्षांपेक्षां संकटाच्या वर्षांत अधिक स्पष्टपणें वाचतां येतो. कोण कोणाच्या मदतीस धांवला, सरकारनें काय दिलें, तें कोणत्या मापानें मोजून दिलें, आणि मापाबाहेर कोण राहिला, हे प्रश्न विचारीत गेल्यास परंड्याच्या किल्ल्यावरील तोफांपेक्षां अधिक कांहीं हातीं लागतें. (तोफांचा अभिमान असणाऱ्यांनीं रागावूं नये. विजापूरची प्रसिद्ध 'मुलूख-मैदान' ही तोफ १६३२ सालापर्यंत परंड्यासच होती, हें मलाही ठाऊक आहे.)

आरंभ दामाजीपंतांपासून करावा लागतो. मंगळवेढें कांहीं फार दूर नाहीं. बहामनी राज्यांत तेथील कारभार पाहणाऱ्या या सत्पुरुषानें १४६० च्या सुमाराच्या दुष्काळांत बादशहाची परवानगी न घेतां सरकारी धान्याचीं कोठारें भुकेल्यांस मोकळीं केलीं. आणि बिदरच्या दरबारांत त्या धान्याचा पैसा विठू महाराच्या रूपानें प्रत्यक्ष विठ्ठलानें भरला, अशी कथा महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं आहे. कथेंतील चमत्काराचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडूं. इतिहासाच्या दृष्टीनें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, आमच्या लोकांनीं ज्या अधिकाऱ्याचें नांव साडेपांचशें वर्षें जपलें तो नियमाबाहेर जाऊन देणारा अधिकारी होता. पवित्र शास्त्रांत याच्याशीं तुलना करण्यासारखी योसेफाची कथा आहे. मिसर देशांत सात वर्षें धान्य सांठवून पुढील सात वर्षांच्या दुष्काळांत त्यानें तें पुरविलें, हें आपण बालपणापासून ऐकतों. परंतु उत्पत्तीच्या पुस्तकाचा सत्तेचाळिसावा अध्याय प्रवचनांत क्वचितच येतो. त्यांत असें सांगितलें आहे कीं, लोकांनीं धान्यासाठीं प्रथम पैसा दिला, मग गुरें दिलीं, शेवटीं जमीन दिली व स्वतःस फारोचे दास करून घेतलें. प्राण वांचले, पण जमीन राजाची झाली. दामाजीपंत व योसेफ हीं सरकारी मदतीचीं दोन रूपें आहेत, आणि त्यानंतरच्या प्रत्येक आपत्तींत हीं दोन्ही रूपें आलटून पालटून दिसतात.

एकोणिसाव्या शतकाकडे येतां १८७६ ते १८७८, १८९६-९७ व १८९९-१९०० हे तीन मोठे दुष्काळ दख्खननें सोसले. इंग्रजी मुलुखांत १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळाचे कायदे तयार झाले. कामावर येणाऱ्या सशक्तास मजुरी व अशक्तास फुकट अन्न द्यावें, असें त्यांचें स्थूल तत्त्व होतें. परंडा तेव्हां निजामच्या राज्यांत होता व १९४८ पर्यंत तसाच राहिला. शेजारच्या नगर जिल्ह्यांत ह्याच काळांत कॅथलिक व प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनीं अनाथाश्रम काढले, अन्नछत्रें चालविलीं, व पंडिता रमाबाईंनीं दुष्काळग्रस्त मुलींस केडगांवच्या मुक्तिसदनांत आश्रय दिला. त्या दिवसांत अनेक कुटुंबांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि 'दुष्काळी ख्रिस्ती' हें हिणविणारें नांव त्यांच्या नातवंडांपर्यंत पोंचलें. ह्या विषयावर आपल्या मंडळींत दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, तो सर्व ईश्वरी कृपेचा सुकाळ होता. दुसरा लाजेनें विषयच टाळतो. मला दोन्ही पटत नाहींत. भुकेल्या माणसानें ज्यानें भाकरी दिली त्याच्या देवाविषयीं विचारपूस करावी, यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु भाकरी देणाऱ्यानें तिची किंमत म्हणून देवाचें नांव वदवून घ्यावें, हें योसेफाच्या फारोसारखें झालें. परमगुरुस्वामी सोळावे बेनेडिक्ट यांनीं २५ डिसेंबर २००५ च्या आपल्या पहिल्याच विश्वपत्रांत हें स्पष्ट केलें आहे कीं, ख्रिस्तसभेची प्रीति निरपेक्ष असावी व तिचा उपयोग दुसऱ्या हेतूसाठीं साधन म्हणून होऊं नये. पुढें वर्णिलेल्या प्रसंगांत आपण कसें वागलों, हें ह्याच कसोटीवर पाहावें लागेल.

निजामच्या राज्यावरील सर्वांत घोर जलप्रलय २८ सप्टेंबर १९०८ रोजीं राजधानीवरच कोसळला. उपसागरांतील वादळामुळें झालेल्या अतिवृष्टीनें मुशी नदी हैदराबाद शहरांत शिरली. अफजलपूल, मुसल्लमजंग पूल व चादरघाटचा पूल वाहून गेले. सुमारें १५,००० माणसें बुडालीं असा अंदाज सांगतात. अफजलगंज भागांतील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारें दीडशें माणसांनीं जीव वांचविला. तें झाड पुढें उस्मानिया रुग्णालयाच्या आवारांत जतन होऊन राहिलें. उर्दू कवि अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी व मुलगी ह्या पुरांत गेल्या व ते एकटे उरले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनीं राजवाड्यांचे दरवाजे निराश्रितांस उघडले व अन्नछत्रें सुरू केलीं. हा झाला दामाजीपंतांचा भाग. त्यानंतर मात्र सरकारनें एक निराळी गोष्ट केली, व तीच मला अधिक महत्त्वाची वाटते: पूर पुनः येऊं नये म्हणून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस बोलावून योजना मागविली, आणि तीस अनुसरून नदीच्या वरच्या अंगास १९२० सालीं उस्मानसागर व १९२७ सालीं हिमायतसागर असे दोन तलाव पुरे झाले. अर्थात् ही सर्व कामगिरी राजधानीसाठीं होती. आमच्या मराठवाड्याच्या नद्यांकडे दरबाराचें लक्ष तितक्या तांतडीनें गेलें, असें म्हणतां येणार नाहीं.

१९७२ च्या दुष्काळाविषयीं थोडक्यांत लिहितों, कारण तो पाहिलेले वडीलधारे अद्याप घरोघरीं आहेत व त्यांच्या तोंडूनच तो ऐकावा. तांबडा मिलो, सुकडी, खडी फोडण्याचीं कामें व पाझर तलाव हीं त्याचीं स्मारकें होत. मे १९७३ मध्यें महाराष्ट्रांत दुष्काळी कामांवर सुमारें ५० लाख माणसें होतीं. ह्याच अनुभवांतून वि. स. पागे यांच्या पुढाकारानें रोजगार हमी योजना उभी राहिली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. तिचें वैशिष्ट्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण पुढें त्याची गरज लागणार आहे. त्या योजनेंत मदतीचें माप जमीन नव्हतें, तर हात होते. ज्याच्या नांवें एक गुंठाही नाहीं त्यालाही, आणि त्याच्या बायकोलाही, स्वतःच्या नांवानें मजुरी मिळत असे.

आतां किल्लारी. परंड्याहून ती पूर्वेस शंभराहून अधिक किलोमीटरांवर आहे, आणि ती आपत्ति वादळाची नव्हती, भूमीची होती. तरीही आपल्या जिल्ह्यांत लोकसाहाय्य व सरकारी धोरण यांचा जो मोठा धडा लिहिला गेला तो तेथेंच. १९८२ सालीं लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत किल्लारी उस्मानाबाद जिल्ह्यांतच होती, आणि त्याच भूकंपांत ज्यांचा चुराडा झाला तीं सास्तूर, होळी, राजेगांव हीं गांवें आजच्या लोहारा तालुक्यांत, म्हणजे आपल्याच धाराशिव जिल्ह्यांत आहेत. अनंत चतुर्दशीचें विसर्जन २९ सप्टेंबर १९९३ रोजीं झालें; मिरवणुकींनीं थकलेलीं माणसें उशिरां निजलीं; आणि पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं धरणी हादरली. भूकंपाची शक्ति ६.२ च्या सुमाराची, म्हणजे जगाच्या मानानें मध्यम. माणसें मात्र सरकारी हिशेबानें सुमारें ८,००० गेलीं व इतर अंदाजांनीं त्याहून अधिक.

इतकी हानि कशामुळें झाली, याचें उत्तर आमच्या घरांच्या भिंतींत आहे. मराठवाड्यांत घर म्हणजे दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती, त्यांत चुना नव्हे तर चिखल, आणि वर लांकडी खणांवर टाकलेलें मातीचें माळवद. गळती थांबावी म्हणून माळवदावर दरवर्षीं नवी माती पडते, त्यामुळें घर जितकें जुनें तितकें डोक्यावरचें ओझें जड. उन्हाळ्यांत थंड व थंडींत उबदार असें हें घर. परंतु चिखलांतले गोल दगड हलतांच भिंत दुभंगली, व माती-दगडांचा ढीग झोंपलेल्यांवर आला. जेथें लांकडी खांबांचा सांगाडा भक्कम होता तेथें भिंती ढांसळूनही छप्पर उभें राहिलें व माणसें वांचलीं. आदल्या वर्षीं, १९९२ च्या पावसाळ्याअखेर, त्या भागांत लहान धक्के बसले होतेच. लोक भ्याले, कांहीं दिवस बाहेर निजले, व पुनः घरांत गेले. दख्खनचें पठार अचल आहे असा शास्त्रज्ञांचा सर्वसाधारण समज होता. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या धक्क्यानें त्यास एकदां तडा गेला होता, तरी कोयनेचें कारण धरणांत शोधून उरलेल्या पठाराविषयीं मंडळी निश्चिंत राहिली.

त्या पहांटेनंतरचे पहिले दोन दिवस शेजारच्या गांवांचे होते. सैन्य आलें, मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळीं किल्लारीस पोंचले, जिल्हाधिकारी प्रवीणसिंह परदेशी यांची यंत्रणा कामास लागली. परंतु पहिले दगड उचलले ते ज्यांच्या हातांत पहार व टिकाव होती अशा खेडुतांनींच. प्रेतें इतकीं कीं जळण पुरेना, आणि वर पाऊस. त्यानंतर देशभरांतून मदतीचा असा लोंढा आला कीं रस्तेच अडले. मोटारी भरभरून जुने कपडे आले व रस्त्याच्या कडेला त्यांचे ढीग पावसांत भिजत पडले; ज्या बाईची नऊवारी ढिगाऱ्यांत गेली तिला त्या ढिगांत आपल्या अंगाचें वस्त्र सांपडेना. मदतीस येणाऱ्यांबरोबर नुसतें पाहावयास येणारेही कमी नव्हते.

येथें संत विन्सेंट द पॉल यांच्या चरित्रांतील एक प्रसंग आठवल्यावांचून राहत नाहीं. १६१७ सालीं फ्रान्समधील शातियों येथें ते धर्मगुरु असतां, एक सबंध कुटुंब आजारी पडून उपाशी आहे असें कळल्यावरून त्यांनीं प्रवचनांत लोकांस विनविलें. त्या दुपारीं घराकडे निघालेल्या लोकांची रांगच लागली व इतकें अन्न आलें कीं तें दोन दिवसांत नासून जावें आणि आठवड्याच्या अखेर तें कुटुंब पुनः उपाशी पडावें. संतांनीं लोकांच्या औदार्याची स्तुति केली नाहीं असें नाहीं, परंतु त्याच वेळीं ओळखलें कीं येथें प्रीतीची वाण नसून व्यवस्थेची आहे. आणि कोणी कोणत्या दिवशीं काय न्यावें याची पाळी लावून देणारें पहिलें 'प्रीतिमंडळ' स्थापिलें. १८३३ सालीं पॅरिसमध्यें फ्रेडरिक ओझानाम व त्यांचे सोबती यांनीं त्यांच्याच नांवानें काढलेल्या सोसायटीच्या शाखा आज अनेक धर्मग्रामांत आहेत. संत विन्सेंट यांचा सण २७ सप्टेंबरला येतो. मुशीचा पूर २८ सप्टेंबरचा, किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबरचा, आणि परंड्याचा महापूर, ज्याविषयीं पुढें लिहावयाचें आहे, तोही ह्याच महिन्याच्या उत्तरार्धांतला. ह्यांत कांहीं गूढ शोधूं नये. तरी सण साजरा करितांना ही जुळणी आठवली तर बिघडत नाहीं.

किल्लारीच्या पुनर्वसनाचें काम सरकारनें जागतिक बँकेच्या साहाय्यानें हातीं घेतलें व तें वर्षानुवर्षें चाललें. ५२ गांवें जुन्या जागेवरून उठवून नवीन जागीं वसविलीं. त्यांपैकीं अनेक देशांतील संस्था, वृत्तपत्रें व उद्योग यांनीं दत्तक घेऊन बांधलीं. उरलेल्या विस्तृत प्रदेशांत सुमारें २ लाख घरांची दुरुस्ती व बळकटी लोकांच्या स्वतःच्या हातून करवून घेतली. वाताहत झालेल्या कुटुंबांची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेनें केली. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनीं सुमारें १,२०० मुलें शिक्षणासाठीं पुण्यास नेलीं. दुरुस्तीच्या कामांत स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेच्या प्रेमा गोपालन यांनीं गांवोगांवच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' निवडून त्यांस सरकार व घरमालक यांच्यामध्यें उभें केलें. ज्या बाया पूर्वीं कचेरीच्या पायरीवर चढल्या नव्हत्या त्या सिमेंटच्या पिशव्या मोजूं लागल्या व अभियंत्यास प्रश्न विचारूं लागल्या. पुनर्वसनाचा जो भाग आज निर्विवाद यशस्वी म्हणून गणला जातो तो हा. परक्यांनीं बांधून दिलेल्या गांवांपेक्षां स्वतः उभ्या केलेल्या भिंतीवर लोकांनीं अधिक विश्वास ठेवला.

नवीं गांवें बांधलीं ती मजबूत, यांत शंका नाहीं. परंतु आंखणी शहरी वसाहतीसारखी. सरळ रुंद रस्ते, चौकोनी भूखंड, वाडा नाहीं, अंगण नाहीं, गुरांस गोठा नाहीं, पार नाहीं. गुबाळ येथें तर घुमटाकार घरें उभीं राहिलीं, ज्यांच्या भिंतीला कपाट टेंकविणेंही अवघड. शेत दूर पडलें, शेजार तुटला. आणि एका गोष्टीचा उल्लेख येथें अवश्य केला पाहिजे. नव्या घराचा आकार कुटुंबांतील माणसांवरून ठरला नाहीं, जमिनीवरून ठरला. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४००, आणि त्यावरील जमीनदारास ७५०. पांच मुलांच्या मजुराला लहान घर व तिघांच्या सावकाराला मोठें, असा हा हिशेब. ह्यामागें सरकारचा युक्तिवाद होता: शेतकऱ्यास धान्य व अवजारें ठेवावयास जागा लागते. परंतु मृत्यूनें त्या पहांटे सात-बारा पाहिला नव्हता.

अशा प्रसंगीं आपल्या ख्रिस्तसभेचें साहाय्य मुख्यतः कॅरितास इंडियामार्फत होतें. भारतीय महागुरुस्वामींच्या परिषदेनें ती संस्था १९६२ सालीं स्थापिली. मराठवाड्यासाठीं औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ सालीं झाला, म्हणजे किल्लारीच्या वेळीं तो अवघा सोळा वर्षांचा, मनुष्यबळानें थोडका. प्रॉटेस्टंट बंधूंची कासा ही संस्थाही लातूर-उस्मानाबादेंत कामास होती. मोठमोठ्या आंकड्यांची स्पर्धा करण्याचें आपणांस कारण नाहीं. शुभवर्तमानांतील शमरोनी मनुष्यानें जखमी वाटसरूस तेल व द्राक्षारस लावला एवढेंच आपण प्रवचनांत सांगतों. त्यानें खाणावळवाल्यास दोन दीनार दिले, आणि अधिक खर्च लागल्यास परत येतांना फेडीन असें बजाविलें, हा भाग घाईनें उरकतों. परत येणें हाच मदतीचा कठीण भाग आहे. किल्लारीस पहिल्या महिन्यांत जितके आले त्यांपैकीं दुसऱ्या वर्षीं फार थोडे परत आले.

सप्टेंबर २०२५ मध्यें संकट परंड्याच्या दारींच आलें. मराठवाड्यांत पाऊस आधींच पुष्कळ झालेला. भुई तृप्त, तलाव भरलेले. २२ सप्टेंबरला घटस्थापना झाली, आणि त्याच सुमारास अतिवृष्टीनें सीना व तिला मिळणारे ओढेनाले पात्र सोडून निघाले. परंडा व भूम तालुक्यांतील गांवांचा संपर्क तुटला. लोक घरांच्या छपरांवर चढून बसले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आलें, सैन्याचीं हेलिकॉप्टरें आलीं. वडनेर येथें एक आजी, तिचा दोन वर्षांचा नातू व आणखी दोघे रात्रीपासून पाण्यानें वेढलेल्या छपरावर अडकले होते. त्यांना सोडविण्यासाठीं दलाच्या जवानांबरोबर खासदार ओमप्रकाश राजेनिंबाळकर स्वतः पाण्यांत उतरले. राजकारण कोणाचें कसेंही असो, लोकप्रतिनिधीनें छातीभर पाण्यांत उभें राहावें हें लोकांस आवडलें, व मलाही आवडलें. उलटपक्षीं, मदतीच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांचीं छायाचित्रें छापल्यावरून आपल्याच तालुक्यांत जो वाद झाला तो सर्वांच्या स्मरणांत आहे. उजवा हात काय देतो तें डाव्यास कळूं नये, ही प्रभूची शिकवण केवळ ख्रिस्ती लोकांसाठींच उपयोगी आहे असें नव्हे.

पाणी ओसरल्यावर जें दिसलें तें पुराहून भयंकर. उभें सोयाबीन कुजलें, गुरें दावणीला मेलीं, विहिरी गाळानें भरल्या. सर्वांत मोठी हानि डोळ्यांस एकदम न दिसणारी: नदीकांठची काळी माती खरवडून गेली व खालचा मुरूम, दगडगोटे उघडे पडले. पीक एका हंगामाचें जातें. माती गेली म्हणजे नातवंडांचें गेलें. एका बोटाएवढ्या जाडीची माती घडावयास शतकें लागतात.

लोकांची मदत ह्या वेळींही उदंड आली, आणि किल्लारीहून अधिक व्यवस्थेनें आली. इतर जिल्ह्यांतून चारा, धान्याचे संच, मुलांसाठीं वह्या-पुस्तकें घेऊन वाहनें येत होतीं. मुंबईच्या श्रीसिद्धिविनायक न्यासानें १० कोटी व शेगांवच्या श्रीगजानन महाराज संस्थानानें १ कोटी ११ लाख रुपये मुख्यमंत्री साहाय्यता निधीस दिले. देवस्थानांचें द्रव्य देवाच्या लेंकरांसाठीं खर्चावें हा आदर्श आपल्या मंडळींनींही मोकळ्या मनानें वाखाणावा.

सरकारनें काय केलें? मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीं जिल्ह्याची पाहणी केली व ७ ऑक्टोबर २०२५ रोजीं सबंध राज्यासाठीं ३१,६२८ कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. राज्यांत ६८ लाखांहून अधिक हेक्टरांवरील पिकें बाधित झालीं होतीं. 'ओला दुष्काळ' जाहीर करा, अशी मागणी सर्वत्र होती. सरकारचें उत्तर असें कीं, हा शब्द नियमपुस्तकांत नाहीं, परंतु दुष्काळांत मिळणाऱ्या सवलती लागू करूं. शब्दावरून वाद घालणें वायफळ असें कांहीं म्हणतील. मला तसें वाटत नाहीं. ज्या संकटास सरकारच्या पुस्तकांत नांव नाहीं, त्याची मदत दरवेळीं नव्यानें मागावी लागते, व मागावी लागणारी वस्तु हक्क राहत नाहीं. कोरडवाहूस हेक्टरीं १८,५००, हंगामी बागायतीस २७,०००, बागायतीस ३२,५०० रुपये, असे दर ठरले. त्यांत रब्बीच्या बीबियाण्यासाठीं हेक्टरीं १०,००० धरलेले होते. मर्यादा तीन हेक्टरांची. खरवडून गेलेल्या जमिनीस हेक्टरीं ४७,००० रोख व सुमारें तीन लाखांचें काम रोजगार हमींतून. मेलेल्या दुभत्या जनावरामागें ३७,५००, बुजलेल्या विहिरीमागें ३०,०००.

हे आंकडे पूर्वींच्या दरांपेक्षां मोठे आहेत, हें प्रामाणिकपणें मान्य करावें. परंतु त्यांचें माप पुनः तेंच, हेक्टर. ज्याच्या नांवें सात-बारा त्याच्या खात्यांत पैसा. बटईनें कसणाऱ्याचें बी, खत व घाम मातींत गेला, पण कागदावर शेत दुसऱ्याचें. आजोबांच्या नांवावरच जमीन राहिलेल्या भावंडांची गत तीच. आणि खुरपणी, सोयाबीनची काढणी व मळणी यांवर ज्यांचें वर्ष चालतें त्या मजूर बायांचा सबंध हंगाम बुडाला, त्याचा दर कोणत्याही तक्त्यांत नाहीं. पुराचें पाणी घरांत शिरलें असेल तर घराची मदत मिळे. शिरलें नसेल व केवळ काम बुडालें असेल तर कांहींच नाहीं. आपल्या मंडळींतील पुष्कळ कुटुंबें ह्याच वर्गांतलीं आहेत, हें मी सांगावयास नको. १९७७ च्या कायद्यानें हातांचें माप धरलें होतें. अतिवृष्टींत मात्र शेतांत पाणी असतें, रस्त्याचें काम निघत नाहीं, आणि हात रिकामे राहतात. कायदा अवर्षणासाठीं घडला, पाऊस आतां निराळ्या रीतीनें पडतो.

खरवडलेल्या जमिनीची गोष्ट याहून नाजूक आहे. रोजगार हमींतील तीन लाखांचें काम म्हणजे शेतांत नवीन माती आणून टाकणें. ती माती यावयाची कोठून? तलावांतील गाळ हा एक उपाय, व तो मिळविण्यास तहसील कचेरीची परवानगी लागते. दुसरा उपाय दीर्घ मुदतीचा, पाण्यास डोंगरावरच अडविण्याचा. नगरचे स्विस येशूसंघी फादर हर्मन बाखर यांनीं ह्याच विचारानें पाणलोटाचें काम सुरू केलें. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध व झाडें यांनीं पाण्याची चाल मंद करावयाची, म्हणजे अवर्षणांत विहिरीस पाणी राहतें व अतिवृष्टींत माती राहते. गांवानें श्रमदान करावें, चराईबंदी पाळावी व ग्रामसभेंत ठराव व्हावा, तरच कामास हात घालावयाचा, असा त्यांचा कटाक्ष असे. विश्वेश्वरय्यांनीं मुशीवर तलाव बांधून जें राजधानीसाठीं केलें तेंच हें, खेड्याच्या मापानें. फादर बाखर २०२१ सालीं देवाघरीं गेले. त्यांची पद्धति मराठवाड्याच्या कांहीं गांवांनीं उचलली आहे. सीनेच्या ह्या बाजूस ती अधिक उचलली जावी, अशी लेखकाची इच्छा आहे.

तूर्त आपल्या हातीं असलेलें एक लहान काम सांगतों. पुराच्या वेळीं ज्या कुटुंबांची मजुरी बुडाली, ज्यांची बटई गेली, ज्यांचीं नांवें कोणत्याही पंचनाम्यांत आलीं नाहींत, त्यांची एक नोंदवही देवळाच्या कचेरींत ठेविली आहे. ती केवळ ख्रिस्ती कुटुंबांसाठीं नाहीं. धर्म, जात व पक्ष यांचे रकाने तींत मुद्दामच घातलेले नाहींत. रकाने पांच: कुटुंबांतील माणसें, काम करणारे हात, बुडालेले दिवस, झालेलें कर्ज, व मुलांची शाळा चालू आहे कीं नाहीं. किल्लारीच्या वेळीं मदतीस गेलेल्या वा त्या भागांतून इकडे येऊन राहिलेल्या वडीलधाऱ्यांनीं आपल्या आठवणीही तींतच, मागील पानांपासून, लिहून ठेवाव्या. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांनीं रविवारीं मिस्सेनंतर यावें. शाळेंतील वरच्या वर्गाचीं मुलें लिहून घेतील.